करडाला हगवण लागल्यास आधी पाणी, मग औषध

करडाची शेपटी पातळ विष्ठेने माखलेली दिसली की नवा पाळणारा प्रथम औषधाची बाटली शोधतो. परंतु अशी करडे बहुधा अंगातले पाणी व क्षार निघून गेल्याने दगावतात, म्हणून सुरुवात कोमट जलसंजीवनीने, थोडी थोडी आणि वारंवार पाजून करावी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडून पाहा. ती लगेच सपाट न होता घडीसारखी उभी राहिली आणि डोळे खोल गेलेले असले, तर पशुवैद्यकाला बोलावण्यात तासाचाही विलंब नको. तोंडात बोट घातल्यावर करडू चोखत असेल तरच तोंडाने पाजावे, अन्यथा द्रावण फुप्फुसात जाण्याचा धोका असतो; तोंड आतून गार लागल्यास आधी ऊब द्यावी. दूध पूर्ण तोडू नये. करडू ३ आठवड्यांहून मोठे असल्यास कॉक्सिडिया (आतड्यात वाढणारे सूक्ष्म एकपेशीय परजीवी) हे कारण वारंवार आढळते आणि त्यावर नेहमीचे जंतनाशक चालत नाही, म्हणून विष्ठेचा नमुना तपासून घेतल्याशिवाय अंदाजाने औषध देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आजारी करडू वेगळे ठेवून त्याच्याखालचे ओले अंथरूण रोज बदलावे.