नोव्हा म्हणजे सहा वेगवेगळी कॉलेजं आहेत का?

नाही. नोव्हा, म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज, हे दोन वर्षांच्या पदव्या देणारं एकच सरकारी कॉलेज आहे, कॅम्पस सहा: अ‍ॅनॅनडेल, अलेक्झांड्रिया, लाउडन, मनॅसस, वुडब्रिज आणि स्प्रिंगफील्डचा वैद्यकीय कॅम्पस.

सुरुवात तंत्रशिक्षणापुरती होती. १९६५ मध्ये बेलीज क्रॉसरोड्सच्या एका इमारतीत ७६१ विद्यार्थ्यांसह वर्ग सुरू झाले. १९६६ मध्ये राज्याने दोन वर्षांची बहुतेक कॉलेजं एका छत्राखाली आणली आणि पुढे विद्यापीठात जाण्याची वाटही इथूनच खुली झाली. त्याच सुमारास अ‍ॅनॅनडेलला ७८ एकर जागा घेतली. वॉशिंग्टनची उपनगरं पसरत होती, नोकरी करून शिकणाऱ्याला घराजवळ वर्ग हवा होता, म्हणून एकच अवाढव्य कॅम्पस न बांधता कॉलेज गावोगाव नेलं. हा निर्णय फार मोलाचा ठरला. नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमांसाठी स्प्रिंगफील्ड २००३ मध्ये आलं.

एक विषय मनॅससला, दुसरा अलेक्झांड्रियाला घेता येतो, गुणपत्रिका एकच. पण वेळापत्रक लावताना प्रवास धरा. संध्याकाळी आय-६६ महामार्गावर गाडी अडकली की दुसरा तास हुकलाच.

खरी चूक पदवी निवडताना होते. ए.ए.एस. (असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स) ही थेट नोकरीसाठीची पदवी आहे, तिची बरीच क्रेडिट्स विद्यापीठात धरली जात नाहीत. पुढे जॉर्ज मेसन विद्यापीठात जायचं असेल तर ए.एस. (असोसिएट ऑफ सायन्स) किंवा ए.ए. (असोसिएट ऑफ आर्ट्स) घ्या, आणि पहिल्याच सत्रात सल्लागाराकडून विषयांची यादी तपासून घ्या. राज्यातल्या रहिवाशाची कमी फी हवी असेल, तर व्हर्जिनियात किमान वर्षभराचं कायम वास्तव्य दाखवावं लागतं.