कोल्ड्रिंक सोडायचे आहे, त्याऐवजी काय प्यावे? कोकम सरबत चालेल का?

तुम्ही लिहिले आहे की रोज दोन बाटल्या कोला पिण्याची सवय आहे, तपासणीत रक्तातील साखर वाढलेली आली आहे, वजनही उतरवायचे आहे आणि घरातील सगळे जण ‘त्यापेक्षा कोकम सरबत पी’ असे सांगतात. तर ते चालेल का, आणि त्याखेरीज आणखी काय पिता येईल. पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. बाटलीत मिळणारे गोड कोकम सरबत तुम्हाला चालणार नाही. हे मी कोकमाच्या विरोधात असल्यामुळे सांगत नाही. कुडाळ तालुक्यातील आमच्या घरात दर उन्हाळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडले जातात, अमृत कोकम (ज्यात पाणी घालून सरबत होते तो गोड पाक), आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुले तयार होऊन विकली जातात, आणि या उद्योगाचा हिशेब मी ठेवते. साखरेची पोती मोजून उतरवून घेण्याचे कामही माझ्याकडेच असल्यामुळे बाटलीत काय जाते ते मला वहीवरूनच कळते.

अमृत कोकम करताना पिकलेले रातांबे फोडून बिया आणि गर काढून टाकतात, सालीच्या वाट्यांत साखर भरतात, बरणीत त्यांचे थर लावतात आणि बरणी उन्हात ठेवतात. साखर सालीतील रस ओढून घेते आणि लालभडक पाक सुटतो. आमच्याकडे सालीच्या वजनाच्या दीडपट साखर पडते, काही घरांत दुप्पट. फळांच्या सिरपमध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेत असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, आणि हे घन पदार्थ म्हणजे जवळजवळ सगळी साखरच असते. आता पाचपट पाणी घालून २०० मिलिलिटरचा पेला केला तर त्यात सुमारे ३३ मिलिलिटर पाक जातो. पाक पाण्यापेक्षा जड असल्यामुळे त्याचे वजन ४३ ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यात २८ ग्रॅम साखर निघते. २५० मिलिलिटर कोलामध्ये ती २६-२७ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेला सल्ला असा आहे की दिवसाला २००० किलोकॅलरीचा आहार घेणाऱ्याने वरून घातलेली साखर, मध आणि रसातील साखर मिळून ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत राहावे. म्हणजे आमच्या घरच्या, रंग न घातलेल्या, आईच्या हातच्या सरबताचा एक पेला ती दुसरी मर्यादा एका दमात ओलांडतो.

हाच हिशेब मी काही वर्षांपूर्वी आमच्या माजघरात मांडला होता आणि त्यावरून माझे आणि दादाचे जे वाजले ते अजून पूर्ण मिटलेले नाही. आमच्या बाबांचे महामार्गालगत किराणा दुकान होते. दुकानाच्या तोंडाशी शीतपेयांच्या कंपनीने दिलेला काचेच्या दाराचा फ्रीज उभा असे. दुपारी गिऱ्हाईक नसायचे, पत्रा तापलेला असायचा आणि हात लांब केला की थंड बाटली हाताशी यायची. ती विकत घ्यावी लागत नसल्यामुळे बाबा दिवसात किती बाटल्या पितात हे कोणी मोजले नव्हते, त्यांनी स्वतः तर नाहीच. पायाची जखम लवकर भरेना म्हणून रक्त तपासले, तेव्हा उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची अशी दोन्ही साखर चढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, भात कमी करायला सांगितले आणि थंड पेये पूर्ण बंद केली.

दुसऱ्याच दिवशी दादाने दुकानात अमृत कोकमाची बाटली नेऊन ठेवली. हेतू चांगला होता, हे मी आजही मान्य करते. पण बाबांना पातळ सरबत कधीच आवडत नसे. ते पेल्यात अंदाजाने पाक ओतायचे आणि तो अंदाज उदार असायचा. पुढच्या तपासणीत जेवणानंतरची साखर जवळपास होती तिथेच होती. घरात सगळे गोळ्यांना नावे ठेवू लागले. तेव्हा मी वजनकाटा घेऊन बसले, बाबा घेत होते तेवढा पाक वाटीत ओतून तोलला, त्यात किती साखर येते ते काढले आणि तेवढी कोरडी साखर ताटलीत काढून दादासमोर ठेवली.

दादाचे म्हणणे असे होते की कारखान्यातील पेयाची साखर आणि घरच्या पदार्थाची साखर यांची तुलनाच होऊ शकत नाही, आणि कोकम पित्तावर औषध आहे. मी म्हटले की साखर एकाच दुकानातून, एकाच पोत्यातून येते आणि बाबांना पित्ताची तक्रार कधी नव्हतीच. मग त्याने कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते आणि त्याने चरबी घटते, असे कुठेतरी वाचलेले काढले. आम्ल असते हे खरे आहे. परंतु कोकमाचेच भावंड असलेल्या गार्सिनिया कॅम्बोजियाच्या अर्काची अमेरिकेत जी चाचणी झाली आणि जिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात बारा आठवड्यांनंतर अर्क घेणाऱ्यांचे वजन नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलेले आढळले नाही. तो तर गाळून काढलेला अर्क होता. आपण बोलतो आहोत ते दीडपट साखरेत मुरवलेल्या सालीबद्दल. यावर दादा, मी आपल्याच धंद्याच्या मुळावर उठले आहे, असे म्हणाला. आभाळ भरून आले होते, पाऊस पडण्याआधी सालींना शेवटचे ऊन दाखवायचे होते आणि आईने दारातूनच सांगितले, “भांडान झाला काय रातांबे फोडूक येवा.” तिचे बरोबर होते, पण मुद्दा तसाच राहिला.

एक गोष्ट मात्र या भांडणातून सुचली आणि ती तुम्हाला उपयोगी पडेल. कोलाऐवजी काय द्यायचे हे ठरवण्याआधी माणूस कोलात नेमके काय शोधतो ते पाहावे लागते. मी दुपारच्या वेळी दुकानात बसून पाहिले. बाबांना हवा होता तो गारवा, जिभेला आणि घशाला बसणारी वायूची चरचर आणि मासे-भात जेवल्यावर येणारा मोकळा ढेकर. गोडी त्यांना आवडत होती, पण ते बाटलीकडे वळत होते ते गोडीसाठी नव्हे. म्हणूनच साधे पाणी, लिंबूपाणी, शहाळे या सर्वांनी त्यांचे समाधान होत नव्हते आणि सगळे त्यांना हट्टी म्हणत होते. ज्यांना रात्री जागून काम करायचे असते ते कोलाकडे कॅफीनसाठी वळतात, ज्यांचे दुपारचे जेवण नीट होत नाही ते साखरेसाठी वळतात. त्यांना वेगळे काही द्यावे लागेल. तुमच्या दोन बाटल्या कोणत्या वेळी उघडतात आणि त्याआधी काय घडलेले असते, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते आधी तपासा.

बाबांसाठी मी आगळ आणि बाटलीत मिळणारा साधा, बिनसाखरेचा सोडा यांची जोडी लावली. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून टिकवलेला, साखर नसलेला रस, ज्याची आपण सोलकढी करतो. पेल्यात लहान चमचाभर आगळ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, हवी तर ठेचलेल्या हिरव्या मिरचीचा तुकडा, आणि त्यावर फ्रीजमधील सोडा कडेने हळूहळू ओतायचा. घाईने ओतला तर मिठामुळे तो फसफसून पेल्याबाहेर येतो. वेगळे मीठ घालू नये. पहिल्या पेल्याला बाबांनी नारळ न घातलेली सोलकढी असे नाव ठेवले. पुढे काही दिवस त्यांचे डोके दुखले आणि दोष आगळाला मिळाला. खरे कारण बहुधा कॅफीन तुटल्याचे होते, कारण कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि रोज भरपूर पिणाऱ्याने ते अचानक थांबवले तर पहिले काही दिवस डोके धरू शकते. दुपारी अर्धा कप बिनसाखरेचा चहा दिल्यावर ती तक्रार गेली. त्यानंतर बाबा स्वतःच सोड्याची बाटली उघडून ठेवू लागले आणि पुढे गिऱ्हाइकांनाही तेच बनवून देऊ लागले.

ज्यांना आगळ मिळत नाही त्यांनी बिनमिठाची आमसुले पाण्यात भिजवून, कुस्करून गाळून घ्यावीत आणि त्या पाण्यात सोडा घालावा. ताक हा सर्वांत सोपा आणि स्वस्त पर्याय आहे, पण ज्याला वायूची चटक आहे त्याला ते पहिल्याच दिवशी आवडेल अशी अपेक्षा धरू नका. शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरला तीन-चार ग्रॅम साखर असते. अधूनमधून घ्यायला हरकत नाही, रोजची सवय करण्याइतके ते स्वस्तही नाही.

बाकी जे पर्याय आपण मोठ्या अभिमानाने सुचवतो त्यांतील बरेचसे पर्यायच नाहीत. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू ऐकून मीही थांबते, पण उसाच्या रसात १०० मिलिलिटरला १२ ते १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे कोलापेक्षा अधिक. आले-लिंबू पिळल्याने ती कमी होत नाही. नीरा पहाटेची ताजी असली तरी गोडीच्या बाबतीत कोलाच्या शेजारीच बसते. पन्ह्यात गूळ घातला म्हणून समाधान मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की गुळाचा मोठा भाग त्याच उसाची तीच साखर असते. लोह वगैरे जे काही मिळते ते मिळवण्यासाठी इतका गूळ खाण्यापेक्षा पालेभाजी खाल्लेली बरी. पियूष हे पेय नव्हे, ते पेल्यातील पक्वान्न आहे. पाकिटातील आंब्याच्या पेयाबद्दल तर लिहिण्याचीही गरज वाटत नाही.

साखरविरहित कोलाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न तोच येईल. वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून कृत्रिम गोडी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. ज्यांना आधीच मधुमेह आहे ते त्या शिफारशीत धरलेले नाहीत. माझे मत असे आहे की साखरेचा कोला सोडताना काही आठवडे ती पायरी म्हणून घेतली तर आभाळ कोसळत नाही, पण गोडीची अपेक्षा तशीच राहते आणि लग्नकार्यात पहिला हात पुन्हा जुन्या बाटलीकडे जातो.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या इथे सांगते. आगळात टिकण्यासाठी मीठ भरपूर असते, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी आगळ-सोडा रोज घेऊ नये, आमसुलाचे बिनमिठाचे पाणी वापरावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याची साखर अचानक उतरून घाम आणि थरथर सुटली, तर त्या वेळी आगळ-सोडा काहीच कामाचा नाही. तिथे साखर किंवा ग्लुकोजच द्यावे लागते. आंबट पेय तासभर घोट घोट घेत बसल्याने दातांवरचे कवच झिजते, मग ते कोकमाचे असो की कोलाचे. आणि बाबांची साखर पुढे उतरली त्याचे सारे श्रेय मी आगळाला देत नाही. गोळ्या चालू होत्या आणि भातही निम्म्यावर आला होता. दादा हे दर वेळी सुनावतो आणि इतपत त्याचे बरोबर आहे.

आता आमचा वाद बाटलीवरील कागदापुरता उरला आहे. एकूण साखर आणि वरून घातलेली साखर यांचे आकडे छापावे लागतात, ते आम्ही मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापतो. पुढच्या बाजूला पानांच्या चित्राखाली ‘आरोग्यदायी’ असा शब्द आहे आणि तो दादाला काढायचा नाही. एका पेल्यात साखर २८ ग्रॅम, एवढेच मोठ्या अक्षरांत पुढे लिहावे, अशी माझी मागणी आहे. त्याच्या मते असे लिहिल्यावर मालच उठणार नाही. उठेल असे मला वाटते. सणासुदीला, पाहुण्यांसाठी, गोड म्हणून लोक तो घेतीलच, फक्त औषध समजून आजारी माणसाला पाजणार नाहीत.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा बाटली उलटी करून तोच बारीक आकडा वाचा, आणि विक्रेता ‘घरगुती आहे हो’ म्हणाला तरी वाचा. १०० ग्रॅममागे साखर साठ ग्रॅमच्या आसपास किंवा त्यावर असेल तर ती बाटली जागेवर ठेवा, मग ती आमची का असेना. शेजारीच आगळाची बाटली असेल, ती उचला. तीही आमचीच असते, त्यामुळे दादाचे काही नुकसान होणार नाही.