ओअर पुरत नाही? आधी विरळणी कर

भावा, क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममध्ये टाऊन हॉल, म्हणजे गावाची मुख्य इमारत, ८ व्या लेव्हलला गेल्यावर लोहाराचं दुकान उघडलं की नव्या माणसाचा हात सुटतोच. दिसेल त्या इक्विपमेंटला, म्हणजे हिरोच्या (खास योद्ध्याच्या) साधनाला, दोन-दोन लेव्हल, आणि मग त्यासाठी लागणाऱ्या ओअरची, म्हणजे खनिजाची, बोंब! शायनी हा साधा ओअर, तो पुन्हा साठतो. खरी अडचण ९ व्या लेव्हलपासून. तिथून दर तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे १२, १५, १८ ला, स्टारी हा दुर्मिळ ओअर लागतो, आणि तो थेंबाथेंबानेच मिळतो. घातलेला ओअर परत मिळत नाही.

निफाडकडच्या द्राक्षबागेत घड विरळतात ना, तसंच कर. हिरोला दोनच इक्विपमेंट लावता येतात, तेव्हा तुझ्या नेहमीच्या सैन्याला लागणारी जोडी निवड, बाकीच्यांकडे बघू नकोस. इक्विपमेंट दोन प्रकारचं: कॉमन, म्हणजे साधं, १८ व्या लेव्हलला संपतं; एपिक, म्हणजे भारी, २७ पर्यंत जातं. म्हणून सुरुवातीला कॉमनच बरं. एपिकचा मोह महागात पडतो.

क्लॅन वॉरचे, म्हणजे दोन गटांतल्या लढाईचे, दोन्ही हल्ले कर, हरलात तरी थोडा ओअर येतो. रेड मेडल, म्हणजे क्लॅनच्या रेडमध्ये मिळणारी पदकं, ट्रेडरकडे (गेममधल्या व्यापाऱ्याकडे) स्टारीवर घाल. जेम, म्हणजे गेममधली रत्नं, मात्र ओअरवर घालू नकोस: पाचवा बिल्डर (बांधकाम करणारा कामगार) २००० जेमचा आहे, आधी तो.

साठ्याला मर्यादा असते, भरल्यावर वरचा ओअर वाया जातो.