श्रद्धाघात का होत नाही?

प्रश्न असा आलाय: "आत्मा अमर आहे अशी माझी श्रद्धा आहे" म्हणावं की "असा माझा विश्वास आहे"? आणि 'अमर' हा शब्द असताना 'अजरामर' कशाला, ती पुनरुक्ती नाही का?

आधी माझी तक्रार. "सामना आपणच जिंकणार अशी माझी ठाम श्रद्धा आहे" असलं वाक्य कानावर पडलं की डोकं फिरतं. बाबा रे, तो अंदाज आहे. फार तर खात्री म्हण. यात कोशवाल्यांचाही हात आहे. 'श्रद्धा' काढावी तर पुढे 'विश्वास', 'विश्वास' काढावा तर पुढे 'श्रद्धा'. दोन्ही दारांवर शेजारच्या घराचा पत्ता.

भक्ती, आदर वगैरे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. क्रियापदं कुठली जोडली जातात ते बघा. विश्वास बसतो, उडतो, संपादन करता येतो आणि त्याचा घात होतो. श्रद्धा जडते, डळमळते, फार तर ढळते. 'विश्वासघात' रोजच्या बोलण्यातला शब्द, पण 'श्रद्धाघात' मराठीने घडवलाच नाही. घात व्हायचा तर समोर शब्द देणारा कुणी लागतो आणि त्याने तो पाळला की नाही हे पुढेमागे कळावं लागतं. मेल्यानंतर काय, याची शहानिशा करून कुणी परत आलेलं नाही. शिवाय 'विश्वास'मध्ये श्वस् धातू आहे: मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. आपलं 'जीव भांड्यात पडणं' जवळपास तेच. श्वास थांबल्यानंतरच्या गोष्टीला हा शब्द लावणं मला तरी विनोदी वाटतं. तेव्हा तुमच्या वाक्यात 'श्रद्धा'च हवी.

उत्तर झालं, पण खरी गंमत 'श्रत्'मध्ये आहे. श्रद्धा म्हणजे श्रत् + धा. धा म्हणजे ठेवणे, 'निधी'तला तोच. पण श्रत् म्हणजे काय? निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, तो सत्याच्या सहा नावांत बसवलाय. तिकडे लॅटिनमध्ये 'क्रेडो', म्हणजे 'मी मानतो', हुबेहूब याच घडणीचा शब्द आहे, आणि त्याचा पहिला तुकडा हृदयवाचक धरतात. श्रद्धा म्हणजे काळीज ठेवणं. याच क्रेडोच्या घराण्यात 'क्रेडिट' जन्मलं, म्हणजे श्रद्धा आणि क्रेडिट कार्ड नात्याने चुलत बहिणी!

यावर काही पंडित नाक मुरडतात: हृदयाला संस्कृतात 'हृद्' म्हणतात, मग इथे 'श्र' कुठून आला? अहो, उलट विचारा. लॅटिन 'केन्तुम'ला (शंभर) संस्कृत 'शत', तसं ग्रीक 'कार्दिआ'च्या (हृदय) क-ला संस्कृतात श-च यायला हवा. नियमाने चालणारा 'श्रत्' आहे, वाट चुकलाय तो 'हृद्'. संशय घ्यायचाच तर त्याच्यावर घ्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या श्रद्धासूक्तात "श्रद्धां हृदय्ययाकूत्या" असे शब्द आहेत, श्रद्धा हृदयातल्या संकल्पाने मिळते. तेवढ्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, कबूल. पण मी निघंटूपेक्षा या ऋचेच्या बाजूने आहे.

आणि आता माझं लाडकं निरीक्षण. श्रत् जिथे भेटतो तिथे शेजारी शंका उभी असते. दुसऱ्या मंडलातलं इंद्रसूक्त घ्या (२.१२.५). लोक इंद्राबद्दल विचारतात, "कुह सेति", कुठाय तो? काही तर सरळ म्हणतात, "नैषो अस्ति", तो नाहीच. आणि त्याच ऋचेत पुढे "श्रदस्मै धत्त", त्याच्यावर श्रत् ठेवा. नास्तिकाचं म्हणणं नोंदवून मगच शब्द अवतरतो. कठोपनिषदात तर कमालच आहे. नचिकेता नावाच्या पोराबद्दल म्हटलंय, "श्रद्धाविवेश सोऽमन्यत". श्रद्धा त्याच्यात शिरली आणि तो विचार करू लागला! विचार करायचा थांबला नाही. शंकराचार्य तिथल्या 'श्रद्धा'चा अर्थ 'आस्तिक्यबुद्धी' असा देतात. बुद्धी, लक्षात घ्या.

पोरगा मग थेट मृत्यूलाच गाठून विचारतो: माणूस मेल्यावर "अस्तीत्येके नायमस्तीति चैके", काही म्हणतात उरतो, काही म्हणतात उरत नाही, खरं काय? यम म्हणतो, पूर्वी देवांनाही इथे शंका होती, दुसरं काहीतरी माग. पोरगा हटत नाही. पुढे यमाच्या तोंडी "नैषा तर्केण मतिरापनेया" येतं, ही मती तर्काने मिळत नाही. तर्काचं तोंड बंद करायला हा चरण फेकणारे बरेच भेटतात. त्यांनी श्लोक शेवटपर्यंत वाचावा. शेवटचा चरण आहे: "त्वादृङ्नो भूयान्नचिकेतः प्रष्टा". नचिकेता, तुझ्यासारखा प्रश्न विचारणारा आम्हाला मिळो. अर्धा श्लोक पाठ करून बुद्धीला रजा देणाऱ्यांना काय म्हणावं!

अरे हो, 'अजरामर' राहिलंच. पुनरुक्ती नाही. अमर म्हणजे न मरणारा, अजर म्हणजे म्हातारा न होणारा, आणि दोन्ही वेगवेगळं मागावं लागतं. ग्रीक कथेत उषादेवीने प्रियकर टिथोनससाठी अमरत्व मागितलं, तारुण्य मागायला विसरली. तो झिजत झिजत गेला, मरेना. अमरकोशातही देवांच्या नावांची सुरुवात "अमरा निर्जराः" अशी आहे, दोन्ही हवेत म्हणूनच. अश्वत्थाम्याला मात्र 'अजरामर' म्हणू नका. महाभारतातल्या शापात त्याच्या भटकंतीला ३००० वर्षांची मुदत आहे.

'अजर'मधला जॄ धातू 'जीर्ण', 'अजीर्ण' आणि 'जुना'मध्येही आहे. आपलं 'जिरणं'सुद्धा त्याच कुळातलं. काळाला ज्याची जिरवता आली नाही तो अजर.