उत्तर: क्रोम म्हणजे रंग खरं, पण दिसला क्रोम की रंग असं नाही

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं पुन्हा ठसठसलं. सराव चाचणीत ‘रंग या अर्थाच्या ग्रीक मुळापासून न आलेला शब्द ओळखा’ असा प्रश्न आला, तुम्ही सायक्रोमीटरवर खूण केली, उत्तरतालिकेत मात्र क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्र, निघालं. विचारायला गेलात तर ‘गुणसूत्राचा रंगाशी काय संबंध?’ असं तुम्हालाच ऐकवलं. जवळपास हाच प्रश्न माझ्याही वाट्याला आला होता, आणि तो सराव चाचणीत नव्हे, खऱ्या परीक्षेत.

तुमचं उत्तर बरोबर आहे, एवढं आधी सांगून टाकतो. उपसर्ग, प्रत्यय, मूळ वगैरे प्राथमिक गोष्टी तुम्हाला येतात असं पोस्टवरून दिसतंय, त्या सोडून देतो. आणि मी भाषाशास्त्राचा माणूस नाही. शब्दकोशातल्या व्युत्पत्ती वाचायची खोड आहे, तेवढ्या भांडवलावर बोलतोय.

सायक्रोमीटर म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं साधन. दोन तापमापी शेजारी शेजारी, त्यातल्या एकीच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळलेलं. कापडातलं पाणी उडून जाताना ती तापमापी गार पडते, आणि दोघींच्या आकड्यांतल्या फरकावरून आर्द्रता काढतात. सगळा कारभार गारव्यावर चालतो आणि नावही तेच सांगतं: ग्रीकमध्ये ‘सायक्रोस’ म्हणजे थंड. शब्द ‘सायक्रो’पाशी तुटतो, पुढचा ‘म’ मीटरचा. कडाक्याच्या थंडीत वाढणाऱ्या जिवाणूंना सायक्रोफाइल म्हणतात, त्यात हा ‘म’ नाहीच. तो शब्द शेजारी ठेवला की शंका राहत नाही.

आता क्रोमोसोम. जिवंत पेशी रंग न देता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर केंद्रकातलं फारसं काही नजरेत भरत नाही, सगळं पाण्यासारखं. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम अॅनिलिन रंग हाताशी आले आणि पेशींवर ते घालून पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं, की केंद्रकातला एक पदार्थ रंग अधाशासारखा पितो. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंगने त्याला क्रोमॅटिन म्हटलं. 1888 मध्ये त्याचाच देशबांधव विल्हेल्म वाल्डेयरने पेशी विभागताना दिसणाऱ्या त्या धाग्यांना क्रोमोसोम हे नाव दिलं: ‘क्रोमा’ म्हणजे रंग, ‘सोमा’ म्हणजे शरीर. रंग धाग्यांचा नव्हता, बाटलीतला होता. तरी नाव त्यावरूनच पडलं. आनुवंशिकता, गुण, जनुकं यांचा या नावाशी काही संबंध नाही. त्या धाग्यांचं काम नंतर उलगडलं.

म्हणजे ‘गुणसूत्राचा रंगाशी काय संबंध’ हा प्रश्न कामाबद्दलचा झाला. प्रश्नपत्रिकेत विचारलं होतं मूळ. हा फरक ज्याला कळत नाही त्याने प्रश्न काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला नडलं ते इथेच. परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिली उत्तरतालिका लागली तेव्हा त्या प्रश्नापुढे क्रोमोसोम. आक्षेप नोंदवायची सोय होती, शुल्क भरून. आक्षेपासाठी अर्जावर चौकट केवढी, तर दोन ओळी मावतील एवढी. मी दोन वेगवेगळ्या शब्दकोशांतल्या पानांच्या प्रती जोडल्या, व्युत्पत्तीखाली रेघ मारली, शब्द कुठे तुटतो तेही लिहिलं. उत्तर आलं: ‘आक्षेप ग्राह्य धरण्यात आलेला नाही.’ कारण नाही, सही नाही, जोडलेली पानं कुणी पाहिली की नाही याचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणे तज्ज्ञ समितीने पाहिलंय. समितीत भाषेचं कुणी होतं का, विचारलं. ‘ती माहिती देता येत नाही.’ उणे गुणांची पद्धत असल्याने बरोबर उत्तराचा गुण गेलाच, वर दंडही बसला, आणि मी निवड यादीतून घसरून प्रतीक्षा यादीत गेलो. ती यादी पुढे सरकलीच नाही. चूक होते हो माणसाकडून, तिचं एवढं नाही. पण पुरावा हातात ठेवूनही कुणी मान वर करून बघत नाही, याचा राग अजून जात नाही.

असो. तुमच्यावर ही वेळ आली तर एक करा: आक्षेपात पहिलंच वाक्य ‘प्रश्न मुळाबद्दल आहे, अर्थाबद्दल नाही’ असं लिहा. मी ते चौथ्या वाक्यात लिहिलं होतं आणि तिथवर कुणी वाचत असेल असं वाटत नाही. पोचपावती मात्र घेऊन ठेवाच.

अभ्यासाबद्दल म्हणाल तर ‘क्रोम म्हणजे रंग, क्रॉन म्हणजे काळ’ असल्या तयार याद्या मला पटत नाहीत. इतरांना लाभल्याही असतील. पण ‘क्रोम’ नुसता दिसणं पुरेसं नसतं, शब्द जोडावर तोडून दोन्ही तुकड्यांना अर्थ लागतो का ते बघावं लागतं. गाडीच्या गिअरबॉक्समधलं सिंक्रोमेश घ्या. क्रोम अगदी ठळक, पण तुकडे ‘सिंक्रो’ आणि ‘मेश’: दात एकमेकांत अडकण्याआधी त्यांचा वेग जुळवणारी यंत्रणा. ‘सिंक्रो’ हे सिंक्रोनाइझचं, म्हणजे एका वेळेत जुळवण्याचं, छोटं रूप, म्हणून हा शब्द सरळ काळाच्या घरातला. उलटा नमुना ऑक्रोनोसिस. त्यात ‘क्रॉन’ दिसतो म्हणून काळाशी जोडाल तर फसाल. ‘ऑक्रोस’ म्हणजे फिकट पिवळा आणि ‘नोसोस’ म्हणजे रोग. अल्काप्टोन्युरिया या दुर्मिळ आनुवंशिक आजारात कूर्चा काळीनिळी पडते, तीच सूक्ष्मदर्शकाखाली गेरूसारखी पिवळट दिसते, म्हणून जर्मन डॉक्टर फिरखोने 1866 मध्ये हे नाव दिलं. रंगाचाच शब्द, पण ‘क्रोमा’तून आलेला नाही. आतड्यांचा क्रोन्स रोग तर दोन्हीकडचा नाही. ते बरिल क्रोन या डॉक्टरांचं आडनाव, आणि स्पेलिंगमध्ये एच सीनंतर नाही, ओनंतर बसतो ते पाहिलंत तर तिथेच कळतं.

क्रोमियमचं थोडं निराळं आहे. हा धातू स्वतः करडा, चकचकीत. 1797 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोकलँने सायबेरियातल्या तांबड्या खनिजात तो शोधला आणि त्याची संयुगं पिवळी, नारिंगी, हिरवी अशी नाना रंगांची निघाल्यामुळे नाव रंगावरून पडलं. माणिकाचा लाल आणि पाचूचा हिरवा, दोन्ही याच धातूच्या अंशामुळे. मात्र पुढे क्रोमेट, डायक्रोमेट, क्रोम प्लेटिंग हे सगळे शब्द धातूवरून आले, थेट रंगावरून नाही. पोटॅशियम डायक्रोमेट या रासायनिक मिठातला ‘डाय’ म्हणजे क्रोमियमचे दोन अणू, दोन रंग नव्हेत. आणि त्याच स्पेलिंगच्या शेवटचा ई काढला की डायक्रोमॅट होतो: रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशींपैकी ज्याच्या डोळ्यात दोनच प्रकार काम करतात असा माणूस. एका ई ने मीठाचा माणूस होतो! मी प्रश्न काढणारा असतो तर हा विचारला असता.

तुम्ही मध्येच विचारलंय की मोनोक्रोममध्ये ‘ट’ नाही, मग क्रोमॅटिकमध्ये कुठून आला. ग्रीकमध्ये ‘क्रोमा’चं षष्ठीचं रूप ‘क्रोमॅटोस’ होतं, तिथून. ड्रामाचं ड्रॅमॅटिक आणि ट्रॉमाचं ट्रॉमॅटिक याच चालीने झालं. मिश्रणातले घटक वेगळे करायच्या क्रोमॅटोग्राफी या तंत्राच्या नावातही तोच ट. तो शब्द रूढ करणाऱ्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेतने खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला आणि हिरवे-पिवळे पट्टे वेगळे केले. गंमत म्हणजे रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजेच रंग. आज त्या तंत्राने बिनरंगी पदार्थही वेगळे करतात, नाव तसंच राहिलं.

शेवटी तुम्ही रक्ताच्या अहवालातल्या ‘हायपोक्रोमिक’बद्दल विचारलंय. शब्दापुरतं सांगतो: हायपो म्हणजे कमी, म्हणून फिक्या पडलेल्या लाल पेशी. निरोगी पेशीचाही मधला भाग फिका असतोच, साधारण एकतृतीयांश. हिमोग्लोबिन कमी असलं की तो फिका भाग रुंदावतो. पण तो अहवाल तुमचा स्वतःचा असेल तर इथे माझ्यासारख्याला विचारत बसू नका, तो घेऊन डॉक्टरकडे जा.