क्रूझला जा, पण आधी ती पॉलिसी परत करा

कोथरूडचे एक वाचक लिहितात: "माझं वय ५८, पिंपरीतल्या एका कंपनीत आहे, पाच महिन्यांनी निवृत्त होईन. पत्नी ५५ वर्षांची, विनाअनुदानित शाळेत इतिहास शिकवते, तिची तीन वर्षं बाकी आहेत. रोमन साम्राज्य आणि व्हेनिसचा व्यापार शिकवण्यात तिचा जन्म गेला, पण देशाबाहेर कधी पाऊल पडलं नाही. क्रोएशियात स्प्लिट ते दुब्रोव्निक अशी सात रात्रींची क्रूझ करायचं मनात आहे. जहाज लहान, ३६ प्रवाशांचं. दोघांचा सगळा खर्च ८ लाख. एफडी मोडावी, की बँक देतेय ते १४ टक्क्यांचं ट्रॅव्हल लोन तीन वर्षांसाठी घ्यावं? पुढच्या सहलींची सोय मी करून ठेवली आहे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरच्या सांगण्यावरून गॅरंटीड इन्कम प्लॅन नावाचा आयुर्विमा घेतला. हप्ता वर्षाला ६ लाख, ८ वर्षं. नवव्या वर्षअखेरीपासून १० वर्षं दरवर्षी ४ लाख करमुक्त, आणि शेवटी भरलेले ४८ लाख परत. पॉलिसी ८ तारखेला मेलवर आली."

पत्राखाली २६ तारीख आहे. सोबत दिलेला हिशेब असा: पीएफ, ग्रॅच्युइटी, एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून १ कोटी ४५ लाख, घरखर्च महिना ५० हजार, घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलगा कमावता.

तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर एका ओळीत होतं. एफडी मोडा, लोन घेऊ नका. ८ लाखांवर १४ टक्क्यांनी तीन वर्षांत साधारण १ लाख ८५ हजार व्याज जातं, महिन्याचा हप्ता २७ हजारांच्या वर, आणि पगार पाच महिन्यांनी थांबणार. एफडीवर मिळणारं व्याज त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. विषय संपला.

मी थांबलो ते पुढच्या वाक्यांवर. ८ पासून २६ पर्यंत १८ दिवस गेले. पॉलिसी हाती आल्यापासून ती परत करायला ३० दिवस मिळतात, म्हणजे पत्र लिहिलंत तेव्हा तुमच्याकडे १२ दिवस होते. म्हणून हा भाग तुम्हाला आधीच मेलने कळवला आहे. इथे सविस्तर लिहितोय, कारण निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसांना असंच काहीतरी विकलेलं मी सतत पाहतो.

आधी 'करमुक्त' हा शब्द. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या, यूलिप (शेअर बाजाराशी जोडलेला विमा) सोडून इतर आयुर्विमा पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला, तर मुदतीअंती किंवा अधेमधे मिळणाऱ्या रकमेतल्या फायद्यावर कर लागतो. करमाफी उरते ती फक्त मृत्यूनंतर वारसांना मिळणाऱ्या रकमेला. तुमचा हप्ता ६ लाखांचा आहे. ज्याने ही पॉलिसी विकली त्याला हा नियम माहीत नसेल तर त्याने विकायला नको होती, आणि माहीत असेल तर प्रश्न आणखी गंभीर आहे.

आता परतावा. ४८ लाख भरून ४० अधिक ४८, म्हणजे ८८ लाख मिळणार, हे कागदावर भरघोस दिसतं. पण यातला शेवटचा पैसा तुमच्या वयाच्या ७६ व्या वर्षी येतो. सगळे हप्ते आणि सगळ्या रकमा आपापल्या वर्षात मांडल्या की वार्षिक परतावा जेमतेम ५ टक्के निघतो, तोही कर जाण्याआधी. हेच ६ लाखांचे ८ हप्ते साध्या ७ टक्क्यांवर ठेवलेत आणि नवव्या वर्षअखेरीपासून तेवढेच ४ लाख काढत राहिलात, तर ७६ व्या वर्षी तुमच्याकडे ४८ नाही, ७४ लाख उरतात. 'गॅरंटीड' या शब्दासाठी तुम्ही २६ लाख मोजताय.

आणि या सगळ्यापेक्षा मोठी चूक वेगळीच आहे. हप्ता पगारातून जाणारच नाही! उरलेले सात हप्ते, ४२ लाख रुपये, निवृत्तीच्या पुंजीतून काढून भरायचे आहेत. ज्या पैशांनी तुम्हाला दरमहा पैसे द्यायचे, तेच दरवर्षी ६ लाख विमा कंपनीकडे पाठवत बसणार. घरखर्चाचाच आकडा वर्षाला ६ लाख आहे. थोडक्यात, कमाई बंद होताना तुम्ही स्वतःचा खर्च दुप्पट करून घेतला आहे. एखाद्या वर्षी मोठं आजारपण आलं, घराची डागडुजी निघाली, तरी हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही. हप्ता थांबवलात तर सरेंडरमध्ये, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी बंद करताना, सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्याचा मोठा भाग जातो. आयुर्विम्याची तर तुम्हाला गरजच नाही: मुलगा मिळवता आहे, कर्ज नाही. तरीही ५८ व्या वर्षीच्या विमाछत्राची किंमत त्या ६ लाखांतून वजा होतेच.

'दरवर्षी ४ लाख, म्हणजे दरवर्षी क्रूझ' असं तुम्हाला सांगितलं गेलं. आजची ८ लाखांची सहल वर्षाला ६ टक्क्यांनी महागली तर नऊ वर्षांनी साडेतेरा लाखांची होते. ४ लाखांत तेव्हा तिसरा हिस्साही निघणार नाही. रुपया युरोसमोर घसरला तर त्याहून कमी.

तेव्हा पॉलिसी परत करा. अर्ज थेट विमा कंपनीला मेलने पाठवा आणि तिच्या शाखेत कागदावर देऊन पोच घ्या. फक्त बँकेतल्या त्या मॅनेजरच्या हाती सोपवून घरी येऊ नका. कारण स्पष्ट लिहा: करमुक्त उत्पन्न म्हणून विकली, प्रत्यक्षात तसं नाही, आणि निवृत्तीनंतर हप्ता भरण्याजोगं उत्पन्न नाही. थोड्या दिवसांचं विमाशुल्क, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत येतात. तुम्हाला फोन येतील. 'सर, हप्ता कमी करून देतो', 'दुसरा प्लॅन बघा' असं गळ घालतील. नाही म्हणा. टाळाटाळ झाली तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर, आणि तरीही दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे.

ज्या वाचकांचे ३० दिवस उलटून गेले आहेत त्यांनी दुसरा हप्ता भरण्याआधी सरेंडरची रक्कम लेखी मागवावी. 'एवढे भरलेत तर आता पुढचे भरा' हा सल्ला ज्याला कमिशन मिळतं त्याचा असतो.

परत आलेले ६ लाख पुन्हा एफडीत ठेवा. पीएफ-ग्रॅच्युइटीतले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. तुम्ही साठीच्या आत असलात तरी निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत, कंपनीच्या पत्रासह, खातं उघडता येतं. हे लिहिताना दर ८.२ टक्के आहे, म्हणजे तिमाहीला ६१,५०० रुपये, वर्षाला सुमारे अडीच लाख. व्याज करपात्र आहे, पण तुमच्या निवृत्तीनंतरच्या उत्पन्नात त्याचा भार फारसा जाणवणार नाही. म्युच्युअल फंड मोडू नका, त्यांचं काम सत्तरीनंतर आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारतो. आरोग्यविमा कुठला? कंपनीचाच असेल तर तो निवृत्तीबरोबर संपेल. नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. तसं केलंत तर आधीच्या आजारांसाठी पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) गणला जातो. नव्याने घेतलीत तर तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही. दोघांसाठी १० लाखांच्या छत्राला वर्षाला पन्नास-साठ हजार धरा आणि घरखर्चात मिळवा.

आता क्रूझ. पॉलिसी परत गेली तर ८ लाख वजा जाऊनही, ७ टक्के परतावा, ६ टक्के महागाई आणि पत्नीचा तीन वर्षांचा पगार धरून तुमची पुंजी ऐंशीच्या पुढेपर्यंत पुरते. तेव्हा ही सहल जरूर करा, आणि पुढच्या मे महिन्यातच करा. शाळेला सुट्टी असते, तिथला हंगाम नुकताच सुरू झालेला असतो आणि भाडं जुलै-ऑगस्टपेक्षा कमी असतं. समुद्र पोहायला गार असेल, पण तुम्ही पोहायला निघालेला नाही. दिवाळीच्या सुट्टीवर ठेवू नका, तोवर बहुतेक जहाजांचा हंगाम आटोपतो.

लहान जहाज निवडलंत ते बरोबर आहे. ते कोर्चुला आणि ह्वार या बेटांवर गावालगतच्या धक्क्याला लागतं, रात्री तिथेच मुक्काम करतं, आणि जेवणानंतर तुम्ही दगडी गल्ल्यांतून हिंडू शकता. मोठ्या जहाजाच्या प्रवाशाला ते मिळत नाही. पण या जहाजांवर बऱ्याचदा नाश्ता आणि दुपारचं जेवण एवढंच भाड्यात असतं. रात्रीचं जेवण, बंदरशुल्क, टिप, प्रवेशतिकिटं वेगळी. तुमच्या ८ लाखांत ते आहे का, लेखी विचारा. नसेल तर आणखी ६०-७० हजार बाजूला ठेवा. वारा उठला की कप्तान मार्ग बदलतो, म्हणून परतीचं विमान क्रूझ संपते त्याच दिवसाचं घेऊ नका.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि चलन युरो आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा लागतोच. पॅकेज इथल्या कंपनीकडून घेतलंत तर टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीवर आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जाईल. तो खर्च नाही, विवरणपत्रात वळता होतो, मात्र पावती जपा.

आणि स्प्लिटला दोन दिवस आधी पोहोचा. रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा इ.स. ३०५ च्या सुमाराचा आहे आणि त्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात. इतिहासाच्या शिक्षिकेला तो एका दुपारीत उरकायला लावणं योग्य नाही. दुब्रोव्निकचा सुमारे दोन किलोमीटरचा तटही सकाळी लवकर चढा. हॉटेलच्या या दोन रात्रींचे तीस-चाळीस हजार वाढले तरी चालतील, हिशेबात ते बसतात. फक्त विमा कंपनीचे पैसे खात्यात जमा होईपर्यंत क्रूझचं डिपॉझिट भरू नका.