विंडोज बदललं, अँटिव्हायरस अडला

प्रश्न : सावद्याला आमचा केळी भरण्याचा धंदा आहे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मुलाने विंडोज १० चं ११ केलं. तेव्हापासून अँटिव्हायरसवर लाल खूण येते, मशीन रांगतं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. बाहेर गाडी भरून उभी, नि बिल निघत नाही. ओळखीचा एक जण म्हणतो, जुना राहू द्या, वरून फुकटचा दुसरा टाका. दुसरा म्हणतो, नवीन पॅक घ्या. आमच्या पॅकची मुदत अजून बाकी आहे. काय करू, ताई?
— एक केळी व्यापारी, सावदा (ता. रावेर)

उत्तर : दादा, दोघांचंही ऐकू नका. आणि अँटिव्हायरसला हात लावण्याआधी बिलिंगच्या डेटाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. पेन ड्राइव्ह मशीनला लावून ठेवू नका, कपाटात ठेवा. भुसावळच्या माझ्या दुकानात मशीन आलं की मी पहिलं हेच करते. विंडोज पुन्हा टाकता येतं, हंगामाचा हिशेब पुन्हा लिहिता येत नाही.

आता झालं काय ते सांगते. तुम्ही कुठलीही फाइल उघडली की ती आधी अँटिव्हायरसच्या तपासणीतून जाते. त्यासाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्राम, विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसलेला असतो. ११ आलं आणि तो गाभाच बदलला. जुना ड्रायव्हर नव्याशी जुळला नाही, की एक तर बंद पडतो, नाहीतर अर्धवट चालून फायली अडकवत बसतो. हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन या दोषावर मायक्रोसॉफ्टने अपडेट काढलं, तेव्हा काही अँटिव्हायरस कर्नलच्या मेमरीत नको तिथे शिरत असल्याने मशीन बंद पडून निळी स्क्रीन येत होती. अँटिव्हायरस जुळतो अशी नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, असेल त्याच मशीनला अपडेट द्यायचं, असं मग ठरलं. १९ जुलै २०२४ ला उलटं घडलं. विंडोज होतं तसंच होतं, पण क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल आली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन कोलमडली.

म्हणून दुसरा अँटिव्हायरस वरून टाकू नका. दोघेही तीच फाइल अडवतील, एकमेकांवर संशय घेतील, आणि मशीन आणखी बसेल.

तुमच्या पॅकची ‘की’, म्हणजे तो चालू करायचा कोड, कागदावर लिहून घ्या. सेटिंग्जमधल्या ॲप्समधून जुना अँटिव्हायरस काढा, मशीन रीस्टार्ट करा. नुसतं अनइन्स्टॉल केल्याने त्याचे तुकडे मागे राहतात, म्हणून त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल चालवा. ते कंपनीच्या साइटवरूनच घ्या, सर्चमधल्या जाहिरातीवरून नको. पुन्हा रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडा. तिथे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, चालू झालेला दिसेल. बाहेरचा अँटिव्हायरस असला की डिफेंडर बाजूला होतो, बाहेरचा निघाला की काम हाती घेतो. तेवढ्या वेळात मशीन उघडं पडत नाही.

आता बिलिंग उघडून बघा. उघडलं, तर दोष जुन्या अँटिव्हायरसचाच होता. नाही उघडलं, तर विंडोज सिक्युरिटीतच प्रोटेक्शन हिस्टरीत जा, तिथे अडवलेल्या फायलींची यादी असते. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरची फाइल धोकादायक समजून अडवलेली मी अनेकदा पाहिली आहे. सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन करून फाइल त्याचीच आहे याची खात्री करा आणि मगच ती परत घ्या. तपासणीतून सूट द्यायची तर तेवढ्या फाइलला द्या. अख्खा डी ड्राइव्ह तपासणीतून वगळा म्हणणारे भेटतात, तसं अजिबात करू नका.

सगळं सुरळीत चाललं, की कंपनीच्या साइटवरून ११ वर चालणारी नवी आवृत्ती उतरवा आणि तीच ‘की’ टाका. मुदत शिल्लक असताना नवीन पॅकचे पैसे कशाला द्यायचे?

काहीच जमलं नाही, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, तिथे जुन्या विंडोजवर परत नेणारं गो बॅक आहे. पण अपग्रेड केल्यापासून १० दिवसच ते चालतं, म्हणून मुलाला आजच तारीख विचारा. मात्र विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा मागे गेलात तरी तिथे कायम राहू नका.

या धावपळीत स्क्रीनवर ‘तुमचं संरक्षण संपलं, या नंबरवर फोन करा’ असं झळकलं, तर फोन करू नका आणि कुणाला मशीनचा ताबा देऊ नका. घरातल्या कुणी आधीच पैसे भरले असतील, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.